कंपन-कसोटीतील ‘स्वातंत्र्यमात्रा’ व आपल्या फळांचे खोके

आपल्या पालघर जिल्ह्यातून परगावी जाणाऱ्या फळफळावळीचे वाटेत जे नुकसान होते, त्याची ओळख बहुतेक बागायतदारांस अडत्याच्या पट्टीवरूनच काय ती होते. ‘माल लागलेला’ एवढे दोन शब्द पट्टीवर आले की भाव उतरला म्हणून समजावे. वाद घालण्यास जागा राहत नाही; कारण फळ निघाले तेव्हा ते निर्दोष होते हे ज्याने पाहिले तो वसईस अथवा डहाणूस, आणि पेटी उघडली तेव्हा ते डागाळलेले होते हे ज्याने पाहिले तो दिल्लीस. मधल्या रस्त्याने काय केले हे पाहणारा कोणीच नसतो. ही उणीव भरून काढण्याकरिता खोक्याची कंपन-कसोटी करण्याची पद्धत निघाली आहे, आणि दूरच्या बाजारपेठेसाठी माल घेणारे कित्येक खरेदीदार तशा कसोटीचा दाखला मागतात. घोलवडचा चिकू २०२१ साली इंग्लंडास रवाना झाला तेव्हापासून आपल्याकडील मंडळींसही ह्या दाखल्याविषयी विचारपूस करावीशी वाटू लागली असल्यास नवल नाही.

ह्या दाखल्यावर एक नागमोडी रेघ काढलेली असते, तिच्या वर-खाली मर्यादा दाखविणाऱ्या दोन रेघा असतात, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘डीओएफ १२०’ अशासारखी एक नोंद असते. रेघ मर्यादेच्या आत आहे एवढे पाहून वाचणारा कागद घडी करून ठेवतो. कोपऱ्यातील आकड्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आमचे म्हणणे असे की, रेघेवर विश्वास किती ठेवावा हे त्या आकड्यावाचून सांगता येत नाही. ‘डीओएफ’ म्हणजे ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’. त्यास ह्या लेखापुरते आम्ही ‘स्वातंत्र्यमात्रा’ म्हणू. ही मात्रा निसर्गाने दिलेली नसून, कसोटी घेणारा मनुष्य सॉफ्टवेअरमध्ये ती स्वतः भरतो. ती कमी भरली तर काय होते, जास्त भरली तर काय होते, आणि आपण पैसे मोजणाऱ्यांनी तिजविषयी काय विचारावे, ह्याचा खुलासा करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम रस्त्याकडे पाहू. मालमोटारीच्या कमानपाट्यांस भार चढल्यावर त्यांची स्वतःची एक लय असते. ती साधारणतः सेकंदास दोन ते चार हेलकाव्यांची, म्हणजे शास्त्रीय भाषेत दोन ते चार हर्ट्झची. हवेच्या फुग्यांवर तोललेल्या गाडीची लय ह्याहून मंद असते. त्यावर चाकांची, सांगाड्याची व फळ्यांची अधिक जलद थरथर मिसळते. शिवाय खोक्यांच्या थप्पीची म्हणून एक निराळी लय असते, आणि गाडीची एखादी थरथर तिच्याशी जुळली की थप्पी आपोआप नाचू लागते. सर्वांत अधिक नाचते ते वरचे खोके. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी १९६३ साली मालमोटारीतून जाणाऱ्या फळांस मार का लागतो ह्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरच्या थरातील फळ हादऱ्यासरशी क्षणभर निर्भार होते, जागच्या जागी फिरते, शेजाऱ्यास घासते व पुन्हा आदळते, हे त्या प्रकारच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. तळातले फळ भाराने चेपेल अशी आपली समजूत असते व ती काही अंशी खरीही आहे. परंतु लांबच्या प्रवासात वरच्या थराची दैना तिच्याहून कमी नसते. राजेळी केळ्याचा लोंगर जो जाणता वाडीवाला पेंढ्यात दाबून बांधतो, तो हेच ओळखून.

हा रस्ता प्रयोगशाळेत आणावयाचा तो असा. एक जड लोखंडी मेज यंत्राने वर-खाली हलविले जाते. त्यावर फळांनी भरलेली खोकी रचतात. मेजाला नखाएवढा एक त्वरणमापक चिकटविलेला असतो. मेज किती जोराने हलत आहे हे तो संगणकास कळवितो. संगणकातील सॉफ्टवेअर त्या हलण्याची इच्छित नमुन्याशी तुलना करते आणि कमी पडल्यास जोर वाढविते, अधिक झाल्यास घटविते. अमेरिकेचे ‘एएसटीएम डी ४१६९’ व आंतरराष्ट्रीय ‘आयएसओ १३३५५’ हे नियम ह्या कामी प्रसिद्ध असून, तपासावयाची थरथर एक-दोन हर्ट्झपासून दोनशे हर्ट्झपर्यंतची असते. मुंबईस अंधेरी येथे १९६६ साली स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग ही संस्था वेष्टनांच्या अशा कसोट्या घेते. त्याच साली पुण्यास निघालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन मोटारींच्या भागांसाठी हेच शास्त्र वापरते. आमच्या वालीव-सातिवलीकडील यंत्रशाळांत काम करणाऱ्या तरुणांस ‘व्हायब्रेशन टेस्ट’ हा शब्द नवा नाही; शेतकऱ्यांस मात्र तो नवा आहे, आणि खोके तर शेतकऱ्याचे!

आता अडचणीची गोष्ट. रस्त्याची थरथर घड्याळाच्या लंबकासारखी ठराविक नसते; ती अनियमित असते, म्हणून मेजही अनियमितच हलवावे लागते. अनियमित वस्तू मोजावयाची कशी? सॉफ्टवेअर असे करते की, त्वरणमापकाकडून आलेल्या नोंदीचे एकसारखे तुकडे पाडते, समजा दोन-दोन सेकंदांचे. आणि प्रत्येक तुकडा जणू बारीक-मोठ्या छिद्रांच्या चाळण्यांतून चाळून, मंद थरथरीचा जोर किती, जलद थरथरीचा किती, असा कंपनसंख्यावार हिशेब मांडते. परंतु एका तुकड्याचा हिशेब अतिशय बेभरवशाचा असतो. खरा जोर शंभर असता एखादा तुकडा वीस दाखवील, दुसरा अडीचशे दाखवील. हा यंत्राचा दोष नव्हे, अनियमिततेचा स्वभावच तो. म्हणून पुष्कळ तुकड्यांची सरासरी घ्यावी लागते. १९६७ साली पीटर वेल्च ह्यांनी सरासरीची जी रीत प्रसिद्ध केली, तीच आज ह्या सॉफ्टवेअरांच्या पोटात सर्वत्र वापरात आहे. किती तुकड्यांची सरासरी घ्यावयाची, हेच स्वातंत्र्यमात्रेच्या खान्यात भरावयाचे असते.

हा विषय शेतकऱ्यास परका आहे असे कोणी समजू नये. आमची उमेद महसूल खात्याच्या कारकुनीत गेली असल्यामुळे सांगतो, की आणेवारीचा सगळा तंटा ह्याच आकड्याचा आहे. पूर्वी मुंबई इलाख्यात, ज्यात ठाणे जिल्ह्याचा आपला वसई तालुकाही होता, पीक सोळा आण्यांच्या मानाने चार आणे अगर त्याहून कमी आले तर त्या वर्षाची सारावसुली तहकूब करण्याचा नियम होता. १९१८ साली खेडा जिल्ह्यात अधिकाऱ्यांचा अंदाज चार आण्यांच्या वर गेला, रयतेचा चार आण्यांच्या आत राहिला, आणि त्यावरून गांधीजींनी सत्याग्रह उभारला. दोन्ही अंदाज डोळ्यांनी केलेले होते. बांधावर उभे राहून एक खाचर पाहणारा आणि दुसरे पाहणारा, दोघेही प्रामाणिक असूनही, एकमत होणे कठीण. कारण दोघांजवळ पुरावा एकेका खाचराचा.

ह्यावर उपाय निघाला तो पीक कापणी प्रयोगाचा. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कोणाच्याही मर्जीविना निवडलेल्या खाचरांतील ठराविक मापाचे तुकडे कापावयाचे, झोडपून वजन करावयाचे व सरासरी काढावयाची. आपल्या देशात हे काम शास्त्रशुद्ध पायावर आणण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉक्टर पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांनी व डॉक्टर विनायक गोविंद पानसे ह्यांनी शेतकी संशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९५४ साली छापला, व त्यावर आपल्या कृषि महाविद्यालयांतील पिढ्या शिकल्या.

आता समजा, दहा खाचरे कापली व त्यांची सरासरी काढली. खाचराखाचरांत फरक किती, हे पाहण्यासाठी प्रत्येक वजनातून सरासरी वजा केली, तर दहा फरक मिळतील. परंतु नऊ फरक सांगितले की दहावा आपोआप ठरतो, कारण सर्व फरकांची बेरीज शून्यच यावी लागते. सबब मोकळे, स्वतंत्र असे फरक नऊच. हीच त्या प्रयोगाची स्वातंत्र्यमात्रा. ही कल्पना ठाम करणारे रोनाल्ड फिशर १९१९ पासून इंग्लंडातील रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात खतांच्या व पिकांच्या जुन्या नोंदींवर काम करीत होते. कार्ल पिअर्सन ह्यांनी १९०० साली मांडलेल्या एका कसोटीत मात्रा मोजताना चूक होते असे फिशर ह्यांनी १९२२ साली दाखविले, आणि पिअर्सन ह्यांना ते काही केल्या पटले नाही. शेतातून निघालेली ही मोजणी पुढे यंत्रशाळेत गेली आणि आता खोक्याच्या निमित्ताने शेतकऱ्याकडे परत येत आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कंपनाच्या नोंदीत प्रत्येक तुकड्यास एक न धरता दोन स्वातंत्र्यमात्रा धरतात. कारण प्रत्येक कंपनसंख्येच्या थरथरीचे दोन स्वतंत्र घटक असतात व जोर त्या दोहोंच्या वर्गांची बेरीज असतो. म्हणजे साठ स्वतंत्र तुकडे घेतले की स्वातंत्र्यमात्रा एकशेवीस झाली. आता हिशेब सोपा आहे. दोनला मात्रेने भागावे व वर्गमूळ काढावे. येईल तो सापेक्ष चुकीचा अदमास. मात्रा २ असता चूक शेकडा १००. ८ असता ५०. ३२ असता २५. १२८ असता साडेबारा. चूक निम्मी करावयाची तर मात्रा चौपट करावी लागते. शेकडा १० वर आणावयाची तर मात्रा २०० लागते, आणि शेकडा ५ वर आणावयाची तर ८००. ज्यांनी खतांचे प्रयोग पाहिले आहेत त्यांस हा चौपटीचा जुलूम ठाऊक असेल.

आणि मात्रा फुकट मिळत नाही. ती वेळ देऊन विकत घ्यावी लागते. कंपनसंख्यांच्या रेघा अर्धा-अर्धा हर्ट्झ अंतरावर हव्या असतील तर प्रत्येक तुकडा दोन सेकंदांचा लागतो. हा निसर्गाचा नियम असल्यामुळे कोणत्याही सॉफ्टवेअरला तो मोडता येत नाही. मात्रा १२० म्हणजे साठ तुकडे, म्हणजे दोन मिनिटे. मात्रा ८०० म्हणजे चारशे तुकडे, म्हणजे तेरा मिनिटे वीस सेकंद. रेघा एकेक हर्ट्झ अंतरावर ठेवल्या तर वेळ निम्मा होतो हे खरे, परंतु मालमोटारीच्या कमानपाट्यांचा जोर दोन ते चार हर्ट्झच्या दरम्यान असतो, आणि तेवढ्या चिंचोळ्या पट्टीत मग दोन-तीनच रेघा राहतात. ज्या ठिकाणी आपले फळ मरते त्याच ठिकाणी चाळण जाड ठेवल्यासारखे ते होय. फळाच्या खोक्यासाठी अर्ध्या हर्ट्झहून जाड चाळण आम्हांस मान्य नाही.

वेळ वाचविण्याकरिता सॉफ्टवेअरांत तुकडे एकमेकांवर चढविण्याची सोय असते. म्हणजे पहिल्या तुकड्याचा उत्तरार्ध तोच दुसऱ्याचा पूर्वार्ध. ह्यात काही लबाडी नाही. तुकड्याच्या दोन्ही कडा गणितासाठी मुद्दाम फिक्या केलेल्या असतात, त्यामुळे कडेची वाया जाणारी माहिती ह्या युक्तीने उपयोगी पडते. सामान्य प्रकारच्या कडांसाठी अर्ध्याने चढविले असता तुकडे दुप्पट होतात व लाभ दुपटीच्या थोडा आत, सुमारे एकोणीस दशांश पट, मिळतो. परंतु तीन-चतुर्थांशाने चढविले तर तुकडे चौपट होऊनही लाभ दुपटीच्या किंचितच वर राहतो. एकच खाचर चार वेळा कापले म्हणून चार खाचरांचा पुरावा होत नाही, तोच हा न्याय. दाखल्यावर मात्रा लिहिताना चढविलेले तुकडे पुरते मोजले की खऱ्या हिशेबाने मोजले, हे म्हणून विचारावे.

मात्रा कमी ठेवल्याने प्रत्यक्षात काय बिघडते? बहुतेक नियमांत रेघ इच्छित नमुन्याच्या तीन डेसिबेल वर किंवा खाली जाण्याची मुभा असते. तीन डेसिबेल म्हणजे जोराची दुप्पट किंवा निम्मे. एक ते दोनशे हर्ट्झपर्यंत अर्ध्या-अर्ध्या हर्ट्झने सुमारे चारशे रेघा होतात. मेज अगदी बिनचूक हलत आहे असे धरले तरी, मात्रा ३० असता दर शंभरांत एक रेघ केवळ योगायोगाने निम्म्याच्या खाली दिसते. म्हणजे चारशेंत चार रेघा, काही दोष नसता, मर्यादेबाहेर! काही ठिकाणी मग कसोटी थांबते, काही ठिकाणी कसोटी घेणारा मर्यादाच सैल करून ठेवतो, आणि सैल केलेल्या मर्यादेतून खरा दोषही निसटून जातो. मात्रा १२० ठेवली तर योगायोगाने निम्म्याखाली जाण्याचा संभव दहा लाखांत एकाच्या घरात येतो. मग एखादी रेघ बाहेर गेलीच, तर ती दैवावर ढकलता येत नाही, तिचे कारण शोधावेच लागते. १२० हा आकडा यंत्रशाळांत इतका रुळला आहे तो काही उगाच नव्हे.

दुसरे असे की, सॉफ्टवेअर नुसते पाहत नाही, पाहून लगाम ओढते. थोड्या तुकड्यांवर विश्वासून ते प्रत्येक खोट्या चढ-उतारापाठीमागे धावू लागले तर मेजाचा जोर विनाकारण कमी-अधिक होत राहतो. नवशिका गाडीवान बैलाच्या प्रत्येक मानेच्या झटक्याला कासरा ओढतो, मग बैल सरळ चालावा कसा?

तर मग मात्रा हजारांवर नेऊन ठेवावी, असे कोणी म्हणेल. तेही बरोबर नाही, आणि हा भाग शेतमालाच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. लोखंडी भागाची कसोटी घेताना तो भाग पहिल्या मिनिटास जसा असतो तसाच विसाव्या मिनिटासही असतो. फळाचे खोके तसे नव्हे. पहिल्या काही मिनिटांत फळे खाली बसतात, वर बोट-दोन बोटे पोकळी पडते, पेंढा अथवा कागदाची कात्रणे दबतात, पुठ्ठ्याचे कोपरे मऊ होतात. आणि थप्पीची लय सरकते. मोठ्या मात्रेची चालती सरासरी म्हणजे लांबलचक आठवण. ती जुने तुकडे विसरत नाही, त्यामुळे आत्ता घडलेला बदल कागदावर उतरण्यास उशीर होतो, आणि तोवर लगाम जुन्याच समजुतीने ओढला जातो. रेघ तर सुंदर, तुळतुळीत दिसते! आमचा कटाक्ष आहे तो ह्या तुळतुळीत रेघेवर. रेघ गुळगुळीत आहे एवढ्याने कसोटी चांगली झाली असे होत नाही. ती पुष्कळ पुराव्याने गुळगुळीत झाली, की जुन्या पुराव्याच्या ओझ्याने, हे पाहिले पाहिजे. काही ठिकाणी शेजारच्या रेघा एकमेकींत मिसळूनही ती गुळगुळीत करतात. तसे केल्यास दाखल्यावर लिहून घ्यावे, कारण अशाने दोन-चार हर्ट्झमधील शिखर सपाट होते.

कसोटीच्या आरंभी जोर पायरीपायरीने चढवितात, प्रथम पाव, मग निम्मा, मग पुरता. प्रत्येक पायरीवर जुनी सरासरी टाकून देतात की वाढवून पुढे चालवितात, हे सॉफ्टवेअरागणिक निराळे असते. पुरत्या जोराची मिनिटे मोजताना मात्रा भरून येण्यास लागलेला वेळ त्यात धरला किंवा नाही, एवढे विचारले म्हणजे पुरे.

आता मात्रेने न सुटणारा प्रश्न. सुखात्मे ह्यांनी १९४६ साली इंग्लंडच्या ‘नेचर’ पत्रात एक गोष्ट दाखवून दिली. पीक कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेवरील ताटे कापणाराच्या हातून आतच धरली जातात, आणि उत्पन्न खऱ्यापेक्षा फुगलेले येते. असे लहान तुकडे शेकडो कापले तरी फुगवटा जात नाही, उलट त्याच चुकीच्या आकड्यावर आपला विश्वास वाढतो. प्राध्यापक महालनोबीस ह्यांच्या लहान तुकड्यांच्या पद्धतीशी ह्यावरून झालेला वाद संख्याशास्त्रात गाजलेला आहे. कंपन-कसोटीतही तेच. त्वरणमापक मेजाच्या मध्यभागी असेल व आपली थप्पी कडेला असेल, किंवा त्याचे मोजमाप वर्षानुवर्षे ताडून पाहिलेले नसेल, तर मात्रा १२० असो वा १२००, उत्तर चुकीचेच, फक्त अधिक ऐटीत चुकीचे.

त्याचप्रमाणे सॉफ्टवेअरने घडविलेली अनियमितता सौम्य जातीची असते; तिच्यात फार मोठे हादरे क्वचितच येतात. पावसाळ्यानंतरचा आपल्याकडील खड्ड्यांचा रस्ता असा सौम्य नसतो, त्यावर थोडा वेळ शांतता व मग एकदम धक्का. दोहोंची सरासरी एक आली तरी चिकूला धक्काच लागतो. ह्याकरिता कंपनाच्या दाखल्याबरोबर खोके उंचीवरून पाडून पाहण्याची निराळी कसोटी घेणे आवश्यक आहे; एकीचा दाखला दुसरीचे काम करीत नाही.

एका घोटाळ्याचाही येथेच निकाल लावून टाकू. यंत्रशास्त्रात ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ ह्या शब्दांचा दुसराही अर्थ आहे. मोकळ्या वस्तूस हालचालीच्या सहा दिशा असतात: पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली, आणि ह्या तीन आसांभोवती तीन प्रकारचे फिरणे. सहाही दिशांनी हलणारी मेजे जगात आहेत. वेष्टनांच्या नेहमीच्या कसोटीत मेज वर-खालीच हलते. तेव्हा ‘आमच्याकडे सहा डिग्रीज ऑफ फ्रीडमची सोय आहे’ असे कोणी सांगितल्यास ते मेजाच्या दिशांविषयी बोलत आहेत, आणि ‘डीओएफ १२०’ असे म्हटल्यास सरासरीच्या पुराव्याविषयी. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहणे म्हणजे सातबाऱ्यावरील गट क्रमांक व आकार ह्यांची बेरीज करण्यासारखे होईल.

एकेकट्या बागायतदाराने कसोटीचा खर्च सोसावा हे कठीण; परंतु एकाच मापाचे खोके वापरणाऱ्या दहा-वीस जणांनी मिळून संस्थेमार्फत एकदा कसोटी घेतली तर तो दाखला सर्वांच्या उपयोगी पडेल. त्यासाठी लिहावयाच्या पत्रात पुढील मजकूर घालावा असे आम्ही सुचवितो: ‘कसोटी पूर्ण भरलेल्या खोक्यांच्या प्रत्यक्ष रचण्याइतक्या उंच थप्पीवर घ्यावी. कंपनसंख्यांच्या रेघांतील अंतर अर्धा हर्ट्झ अथवा त्याहून कमी असावे. स्वातंत्र्यमात्रा १२० पेक्षा कमी नसावी, व चालत्या सरासरीसाठी ती २०० च्या फार वर नेऊ नये. तुकडे एकमेकांवर किती चढविले, शेजारच्या रेघा मिसळल्या किंवा कसे, आणि मर्यादा किती डेसिबेल ठेवली, हे दाखल्यावर नमूद करावे. कसोटीच्या आरंभीचा, मध्यावरचा व अखेरचा असे तीन आलेख निरनिराळे द्यावेत.’ २०० ची वरची मर्यादा ही कोणत्या नियमातील नसून आमच्या मताने घातलेली आहे. खोक्यातील बदल मिनिटामिनिटांत होतो, म्हणून आठवण तीन-चार मिनिटांहून लांब असू नये एवढाच तिचा आधार. संपूर्ण कसोटीची मिळून एकच सरासरी निराळी काढली, तर तिची मात्रा हजारांत गेली तरी हरकत नाही, कारण तिच्या हाती लगाम नसतो.

तीन आलेख मागण्याचे कारण उघड आहे. पहिला व तिसरा एकावर एक ठेवून उजेडात धरले असता, खोके वाटेत कोठे सैल पडले ते रेघेवरून बहुधा कळते, व पुढच्या खेपेस कात्रणे किती घालावीत ह्याचा अंदाज येतो. मेजावर चढविलेल्या खोक्यांपैकी सर्वांत वरचे व सर्वांत खालचे अशी दोन खोकी फळांसह परत मागून घ्यावीत. चिकू असल्यास ती लगेच उघडून निकाल देऊ नये. कच्च्या फळावर मार दिसत नाही, पिकण्यास चार-पाच दिवस द्यावेत आणि मग दोन्ही खोक्यांतील फळे कापून, डागी व बिनडागी निरनिराळी मोजून, त्या मोजणीचा कागद दाखल्यास जोडून ठेवावा.